लाइन आउट की हेडफोन जॅक: एका एकांकिकेच्या संगीताचं प्रकरण

पार्श्वभूमी

दादर-परळ पट्ट्यातल्या एका कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप. वर्षाला एक एकांकिका बसवायची, तीन-चार स्पर्धांना न्यायची आणि डिसेंबर संपला की पुन्हा आपापल्या नोकरीला लागायचं. मी त्यातला जुना. अभिनय जमला नाही म्हणून वायरींकडे वळलो, आणि गेली काही वर्षं "साउंडचं बघ ना जरा" एवढंच माझं काम.

या वेळच्या एकांकिकेत संगीताचे ३१ क्यू होते, म्हणजे ठरल्या क्षणी आवाज लावायच्या ३१ जागा. पाऊस, लोकल, एक स्कूटर, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे गेलेल्या आईचा आवाज. ती रंगमंचावर येत नाही, फक्त ऐकू येते. संगीत चालवायला डोंबिवलीहून येणारी, दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी होती. तिला इथे ऑपरेटर म्हणतो. हात अतिशय हलका. तिने आवाज कधी ओसरवला ते कळायचंसुद्धा नाही.

सगळे पीस एका जुन्या म्युझिक प्लेअरवर होते. फोन का नाही, तर आदल्या वर्षी ऐन ब्लॅकआउटमध्ये कुरिअरवाल्याचा फोन वाजला होता आणि तो अख्ख्या प्रेक्षागृहाने ऐकला होता. लॅपटॉप का नाही, तर त्याची बॅटरी गेलेली; चार्जर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ सुरू. म्हणून दिग्दर्शकाच्या मोठ्या भावाचा पडून असलेला प्लेअर बाहेर निघाला. त्याच्या डोक्यावर दोन भोकं होती. एकाजवळ हेडफोनचं चित्र, दुसऱ्याजवळ 'लाइन आउट'. तालमीत सगळं हेडफोनच्या भोकातून चाललं होतं. दुसऱ्याकडे कुणी बघितलंही नव्हतं.

अडचण

प्राथमिक फेरी एका शाळेच्या सभागृहात झाली. आम्ही अंतिमला गेलो, पण एका परीक्षकांनी खाली उतरल्यावर सांगितलं, "पार्श्वसंगीत फाटतंय." त्यांचं बरोबर होतं. वीज कडाडते त्या क्यूला कडकडाट कमी आणि पत्रा फाडल्यासारखा आवाज जास्त आला होता. आईच्या आवाजातसुद्धा मध्येमध्ये खरखर होती.

दिग्दर्शकाचं मत, नवा प्लेअर घ्या. ऑपरेटरचं मत, शाळेचे स्पीकर भंगार. माझं मत मी लगेच आणि ठासून दिलं: हेडफोनच्या भोकातून मिक्सरला आवाज द्यायचाच नसतो, लाइन आउट वापरा, प्रश्न मिटला.

तिघंही चुकलो होतो. मी सगळ्यात जास्त, कारण माझं ऐकलं गेलं.

दोन भोकांचं काम

हेडफोन म्हणजे १६ ते ३०० ओहमचा भार. तो हलवायला करंट लागतो, म्हणून त्या भोकामागे छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याच्या आधी व्हॉल्यूम. लाइन आउट दुसऱ्या यंत्राला सिग्नल द्यायला असतो. समोरच्या मिक्सरचा किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा भार साधारण १०,००० ओहमचा किंवा त्याहून जास्त, त्यामुळे करंट जवळजवळ लागतच नाही. लाइन आउटचा आवाज सहसा ठरलेला असतो. प्लेअरचं व्हॉल्यूम शून्यावर नेलं तरी तो तेवढाच राहतो. या प्रकरणातलं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं, आणि तेव्हा मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

'लाइन लेव्हल' म्हणजेही एक आकडा नाही. घरगुती उपकरणांचं प्रमाण उणे १० डीबीव्ही (डीबीव्ही आणि डीबीयू ही सिग्नलची पातळी सांगायची दोन मापं), म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. व्यावसायिक यंत्रांचं अधिक ४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. दोन्हींत जवळजवळ १२ डेसिबलचा फरक. सीडी प्लेअर पूर्ण जोरात साधारण २ व्होल्ट देतो. माइकचा सिग्नल मात्र काही मिलिव्होल्टचा, त्यामुळे माइकच्या इनपुटला यातलं काहीही थेट लावलं तर सहसा फाटतं.

आयपॉड ज्यांनी वापरलाय त्यांना हे ओळखीचं असेल. २००३ च्या तिसऱ्या पिढीपासून त्याच्या बुडाला ३० पिनांचा कनेक्टर आला. त्यात लाइन आउटच्या पिना वेगळ्या होत्या, आणि शौकीन मंडळी तेवढ्यासाठी खास केबल घ्यायची. २०१२ मध्ये लाइटनिंग आला आणि ती सोय गेली. काही प्लेअरमध्ये भोक एकच असतं आणि लाइन आउट मेनूमधून निवडायचं. त्यातल्या काहींत तर व्हॉल्यूम एका ठिकाणी बांधून टाकण्यापलीकडे आत काहीच बदलत नाही. नाव लाइन आउट, वाट तीच.

हेडफोनच्या भोकातून अ‍ॅम्प्लिफायरला दिलं की बास जातो, असंही बरेच जण सांगतात. काही जुन्या प्लेअरमध्ये हेडफोनच्या वाटेवर कपॅसिटर असतो, म्हणजे खालचे स्वर अडवू शकणारा एक छोटा भाग. तो २२० मायक्रोफॅरडचा धरला तर १६ ओहमच्या इअरफोनवर साधारण ४५ हर्ट्झच्या खाली आवाज उतरायला लागतो. तोच कपॅसिटर १०,००० ओहमच्या मिक्सरला जोडा, ती मर्यादा एक हर्ट्झच्याही बरीच खाली जाते. म्हणजे बास जातो तो इअरफोनवर, मिक्सरवर नाही. हेडफोन जॅक मिक्सरच्या लाइन इनपुटला लावल्याने दोन्हीपैकी कशालाच इजा होत नाही. हे मला माहीत होतं. तरीही मी तसं बोललो, कारण 'लाइन आउट' म्हटलं की जाणकार असल्यासारखं वाटतं.

पहिला निर्णय: मोजून बघायचं

रविवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून एक साधा मल्टिमीटर आणि दोन केबल आणल्या. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ५० हर्ट्झचा पूर्ण जोराचा सूर बनवून प्लेअरवर टाकला. ५० हर्ट्झच का, तर स्वस्तातला मीटर एसी व्होल्ट घरातल्या विजेच्या हिशेबाने मोजतो, त्या टप्प्यात त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

लाइन आउटवर १.३ व्होल्ट, व्हॉल्यूम काहीही असो. हेडफोनच्या भोकात शून्यापासून पूर्ण व्हॉल्यूमला जेमतेम १ व्होल्टपर्यंत. दोन्ही आकडे कुठल्याही बऱ्या लाइन इनपुटला चालण्यासारखे.

मग तोच विजेचा पीस घरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर लावला. हेडफोनमधून फाटला. अपेक्षित होतं. लाइन आउटमधून लावला, तिथूनही तसाच फाटला.

इथे मी चहा करायला उठलो, कारण माझा सिद्धांत संपला होता. दोन्ही वाटांनी दोष सारखाच येत असेल तर तो वाटा फुटायच्या आधी असणार. मेनूत शिरून एकेक सेटिंग बघत गेलो आणि इक्वलायझरमध्ये 'बास बूस्ट' सापडला, पूर्ण वर. भावाने कधीतरी लोकलमध्ये ऐकताना लावून ठेवलेला. आमचे पीस आधीच पूर्ण पातळीला आणून ठेवलेले. त्यावर खालचा स्वर आणखी उचलला की डिजिटलमध्ये वर जागाच उरत नाही, लाटेची टोकं छाटली जातात. शाळेत ऐकू आलेला फाटका पत्रा तो हाच.

बूस्ट बंद केला. दोन्ही भोकांतून वीज स्वच्छ कडाडली. बारीक फरक इतकाच की हेडफोनच्या वाटेने शांततेत किंचित सूंऽ जास्त होता, आणि तोही कान स्पीकरला लावला तरच. प्रेक्षागृहात पंखे चालू असताना तो कुणाला ऐकू येणार?

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. दोष सापडला, दुरुस्त झाला, ऑपरेटरची सवय जशीच्या तशी राहिली असती. पण लाइन आउट वापरायचं असं मी चारचौघांत सांगून बसलो होतो.

कोणते पर्याय होते

लाइन आउट घेतलं की प्लेअरवरचं व्हॉल्यूम मेलं. आणि ऑपरेटर सगळं ओसरवणं अंगठ्याने, त्याच व्हॉल्यूमवर करत होती. तिने हे विचारलंही, "दादा, मग फेड कुठून करू?" त्यावर आमची एक संध्याकाळ गेली.

हेडफोन जॅकच ठेवायचा, व्हॉल्यूम साधारण ऐंशी टक्क्यांवर खूण करून तिथून खाली-वर करायचं, हा एक मार्ग. यात ताबा तिच्याकडे राहतो. दिग्दर्शकाला हे 'जुगाड' वाटलं. दुसरा, लाइन आउट वापरायचं आणि एक छोटा मिक्सर विंगेत ठेवून त्यावर खाली-वर करायचं. मित्राच्या भजनी मंडळाकडे असा मिक्सर होता, पण त्याला प्लग पॉइंट हवा, जागा हवी, आणि अंतिम फेरीत मांडणीला मिळणार होती दहा मिनिटं. तिसरा, नाट्यगृहातल्या साउंडवाल्या काकांनी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकती पट्टी, ओढायचा. काकांनी नाटक बघितलेलं नाही. चौथा, ओसरणं फाइलमध्येच भरून टाकायचं.

आम्ही चौथा आणि तिसरा मिळून निवडला. २७ क्यू फाइलमध्येच ओसरवले. उरलेले चार नटाच्या हालचालीवर अवलंबून होते: मुलगा दार उघडतो त्या क्षणी आईचा आवाज विरतो. दार कधी उघडेल ते रोज दोन-तीन सेकंद इकडेतिकडे व्हायचं. ते चार काकांना खुणेने सांगायचे ठरले.

कागदावर हे चोख दिसत होतं. ऑपरेटर काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी होकार म्हणून घेतलं.

अंतिम फेरी: दहा मिनिटं

नाट्यगृह मोठं होतं. साउंडवाले काका साठीचे, खिशात टेस्टर, गळ्यात चष्मा. त्यांनी विंगेतून एक वायर पुढे केली आणि आमच्या केबलच्या टोकाला जाड पिनचा अ‍ॅडॅप्टर लावून ती मिक्सरच्या एका चॅनलमध्ये घातली.

मी आठव्या रांगेत उभा होतो. पाऊस लागला. सुंदर, रुंद, सभागृहभर पसरलेला. मग आईचा क्यू. पाऊस चालूच, आई नाही.

"आई कुठेय?" दिग्दर्शक रंगमंचावरून ओरडला.

"लागलीये दादा. हे बघा, सेकंद पुढे जातायत."

ऑपरेटरने केबल काढून स्वतःचे इअरफोन लावले. आई व्यवस्थित बोलत होती. म्हणजे फाइल ठीक, प्लेअर ठीक. काका म्हणाले फाइल खराब. मी म्हणालो तुमच्या स्पीकरची एक बाजू गेलीय. दोन मिनिटं यात गेली. मग काकांनी सहज पिन जराशी बाहेर ओढली, आणि अर्ध्या लागलेल्या पिनमधून आई मोठ्यांदा बोलली. पिन आत ढकलली, पुन्हा फक्त पाऊस.

"अरे बाळा," काका म्हणाले, "ईपी स्टिरिओ आहे तुझी. हे बॅलन्स्ड इनपुट आहे. डावं-उजवं एकमेकांना खातंय."

ईपी म्हणजे इअरफोनची असते तशी बारीक पिन. बॅलन्स्ड मोनो इनपुट पिनच्या टोकावरच्या आणि कड्यावरच्या सिग्नलमधला फरक तेवढा पुढे पाठवतं. वायरीत शिरलेली घरघर दोन्ही तारांवर सारखी असते, ती वजा होऊन जावी म्हणून ही रचना. स्टिरिओ पिनमध्ये मात्र टोकावर डावा आवाज असतो, कड्यावर उजवा. आईचा आवाज आम्ही मोनो रेकॉर्ड केलेला, दोन्हीकडे तंतोतंत सारखा. तो वजा होऊन शून्य झाला. पाऊस दोन्हीकडे वेगळा, म्हणून उरला. शाळेत हे घडलं नव्हतं, कारण तिथे आरसीएच्या, म्हणजे डाव्या-उजव्या आवाजाच्या, दोन वेगळ्या पिना दोन वेगळ्या जागी लागल्या होत्या.

लाइन आउट असो की हेडफोन, ही चूक दोन्हीकडे सारखीच झाली असती. भोकांवर दोन आठवडे डोकं चालवलं, आणि दुसरं टोक कशात जाणार आहे ते कुणीही विचारलं नव्हतं.

काकांनी पेटीतून एक केबल काढली, एका बाजूला स्टिरिओ ईपी, दुसऱ्या बाजूला दोन पी-३८, म्हणजे जाड पिना. उजवी पिन मेलेली निघाली. नवी शोधायला वेळ नव्हता. ऑपरेटरने तिथल्या तिथे ठरवलं, "फक्त डावं चालेल. आई पूर्ण येईल. स्कूटर अर्धी जाईल, जाऊ दे." स्कूटर डावीकडून उजवीकडे जायची, ती आता मध्यावर येऊन विरली. त्या दिवसातला सगळ्यात चांगला निर्णय हा, आणि तो आमच्यात वयाने सगळ्यात लहान असलेल्या मुलीने घेतला.

प्रयोग

तीन फेड काकांनी नीट केले. चौथ्याला ते कुणाला तरी रंगमंचावर पाणी न्यायला सांगत होते. मुलाने दार उघडलं. आई बोलतच राहिली. विंगेच्या निळ्या दिव्यात ऑपरेटरचा अंगठा व्हॉल्यूमवर गेला आणि बटण दाबत राहिला, एक, दोन, तीन. पडद्यावरचा आकडा खाली येत होता, आवाज जागचा हलत नव्हता. मग तिने पॉझ दाबलं. वाक्य अर्ध्यात तुटलं.

नटाने सांभाळून घेतलं. प्रेक्षकांना तो खटका मुद्दाम ठेवलाय असं वाटलं असावं, निदान कुणी काही बोललं नाही. लेखनाचं बक्षीस मिळालं, संगीताचं नाही. खाली उतरल्यावर मी तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "अंगठ्याला सवय होती हो." तिला लोकल गाठायची होती.

निष्पत्ती आणि आज वेगळं काय केलं असतं

पुढच्या तीन प्रयोगांना आम्ही हेडफोन जॅकवर परतलो. व्हॉल्यूम तालमीत ठरवलेल्या आकड्यावर, मिक्सरचा गेन त्याला जुळवून घेतलेला, ओसरवणं पुन्हा तिच्या अंगठ्याकडे. आवाजात फरक पडला असं एकालाही जाणवलं नाही, मलासुद्धा. पातळी कमी ठेवून मिक्सरवर खेचली असती तर सूंऽ वाढला असता. म्हणून प्लेअर वर आणि मिक्सर खाली.

म्हणजे लाइन आउट निरुपयोगी आहे का? माझ्या घरी प्लेअर कपाटात अ‍ॅम्प्लिफायरशेजारी पडून असतो आणि व्हॉल्यूमचा गोल खटका अ‍ॅम्प्लिफायरवर आहे. तिथे लाइन आउटच लावतो. पातळी ठरलेली, कुणाचा हात लागून कमी-जास्त होत नाही, मधला एक अ‍ॅम्प्लिफायर वाचतो. आवाज कमी-जास्त करणारा माणूस मिक्सरपाशी बसला असेल तेव्हाही तेच योग्य. आमच्याकडे तो माणूस विंगेत, प्लेअर हातात घेऊन उभा होता.

तेव्हा मी विचारायला हवं होतं ते काकांना, आणि फोनवर, चार दिवस आधी: आमची पिन तुमच्याकडे कशात जाणार? काही ठिकाणी विंगेत फक्त कॅननचं, म्हणजे माइकचं टोक मिळतं. तिथे डीआय बॉक्स, म्हणजे प्लेअरचा सिग्नल माइकच्या इनपुटला चालेल असा करून देणारी छोटी पेटी, मागून घ्यायचा. नुसता अ‍ॅडॅप्टर लावून प्लेअर जोडला आणि त्या चॅनलवर ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सर माइकला पुरवतो ती वीज) चालू असला, तर प्लेअरला धोका असतो. हे आम्हाला भोवलं नाही, पण एखाद्या नाट्यगृहात भोवलं असतं.

ऑपरेटरला आम्ही विचारलं नाही, ही चूक मी वायरींच्या चुकांपेक्षा मोठी धरतो. तिने प्रश्न केला होता, आम्ही त्याचं उत्तर म्हणून एक योजना दिली. तिला ती जमेल का, हे तालमीत एकदाही करून बघितलं नाही. चार फेडसाठी कुणाला तरी काका बनवून मिक्सरवर बसवलं असतं, तरी पहिल्याच दिवशी कळलं असतं.

गडबडीत काकांची केबल आमच्या सामानात आली होती. मेलेली उजवी पिन ऑपरेटरने माझ्याकडून सोल्डरिंग शिकून स्वतः दुरुस्त केली, वर तशीच एक आमच्यासाठी बनवली, आणि पुढच्या रविवारी नाट्यगृहात परत द्यायला गेली. काकांनी पिनचं टोपण फिरवून उघडलं, चष्मा वर केला, टाका बघितला, तार ओढून बघितली. मग टोपण परत लावत म्हणाले, "शील्डची तार अजून जरा लांब ठेवायची होतीस."